अडतीस दगड

ओटाहुहू, ऑकलंड
८ जानेवारी १९८१

प्रिय मामा,

पाकिटावरचं माझं अक्षर बघून तुम्ही मामीला म्हणाला असाल, "रेवीला काहीतरी हवंय." खरं आहे, हवंय.

या महिन्याअखेरच्या जोडसुट्टीत ऑकलंडच्या दक्षिणेला एका मेंढपाळाच्या कुरणावर तीन दिवसांचा रॉक संगीताचा जलसा आहे. चाळीस हजार माणूस येणार म्हणतात. आम्ही तिघं जातोय. मी, माझी मैत्रीण नायरी आणि कॉलिन स्ट्रँग. कॉलिन म्हणजे आमच्या रेल्वे कारखान्यातला फिटर, नाताळला आमच्याकडे तीनदा वाढून घेतलं तो लाल केसांचा गोरा. आई अजून त्याचं कौतुक सांगते.

मंचाची परांची बांधणारा मुकादम कॉलिनच्या ओळखीचा आहे. त्याची साठ माणसं तीन दिवस थंड पाव चावत काम करणार. मी बोलून बसलोय की रविवारी दुपारी त्यांना आपली माओरी हांगी घालतो, खड्ड्यात तापल्या दगडांवर वाफवलेलं गरम जेवण देतो. मुकादमाने शेतमालकाकडून खड्डा खणायची आणि जाळ करायची परवानगीही आणली. आता मागे फिरता येत नाही.

तुमचे दगड द्याल का? बारा वर्षांचा होतो तेव्हापासून तुमच्या खड्ड्यावर राबतोय. राख ओढ, पोती भिजव, बाजूला हो, एवढंच ऐकलं. एकदा माझ्या हाताने घालू द्या. तुम्ही स्वतः यायची तसदी घेऊ नका. तिथे आवाज फार असतो, तुम्हाला सोसायचा नाही.

तुमचा
रेवी


वाइमोआना
१४ जानेवारी १९८१

रेवी,

आवाज मला सोसतो. चौदा वर्षं खाणीत सुरुंग लावत होतो. मी तिथे नकोय असं सरळ लिहिलं असतंस तरी चाललं असतं.

दगड देतो. सोमवारी, १९ तारखेला, शेजारच्या पेताच्या मेंढ्यांच्या ट्रकमधून येतील. अडतीस आहेत. पोत्यावरून अंदाज करू नकोस, एकेक हातात घेऊन मोज. मी आणि माझ्या वडिलांनी एकोणचाळीस साली डोंगरावरून घोड्यावर घालून आणलेले आहेत. काळे, भोकाभोकांचे, आगीतूनच जन्मलेले. तेव्हा साठ आणले होते. फुटायचे ते पहिल्या दोन वर्षांत फुटले. हे उरलेले. यांच्या शेजारी ओढ्यातला किंवा नदीतला एकही दगड ठेवायचा नाही. गुळगुळीत दगड दिसायला शहाणा असतो, पण पोटात पाणी धरून बसतो आणि तापला की सुरुंगासारखा उडतो. हल्ली रुळांचे तुकडे तापवून हांगी घालणारे निघालेत म्हणे. त्यांची नावं मला कळवू नकोस.

खड्डा गुडघाभर खोल, चार हात लांब, तीन हात रुंद. वर मानुकाचं वाळलेलं लाकूड चौकात रचायचं, त्याच्यावर दगड. पहिला तास नुसती काटक्यांची मंद आच द्यायची. मग मोठा जाळ, अडीच तास. दगड पांढरे पडले की निखारे ओढून काढायचे. टोपल्यांना कोबीची पानं लावायची, तळाला मांस, वर रताळी, भोपळा, बटाटे. भिजलेलं फडकं, भिजलेली पोती, मग माती. वाफ कुठूनही निसटता कामा नये. तीन तास कोणी कितीही मस्का मारला तरी उघडायचं नाही. दगड पेटलेले असताना खड्ड्यापाशी दोनच माणसं, तू आणि फावडंवाला. बाकीचे दहा पावलं लांब.

अडतीस दगड साठ माणसांचं शिजवतात. एकसष्टावा आला तर त्याला चहा दे.

एरुएरा


ओटाहुहू
२८ जानेवारी

प्रिय मामा,

हांगी झाली. मांस हाडावरून आपोआप सुटत होतं. मुकादम म्हणाला, तीस वर्षांत असं जेवलो नाही. तीन दिवस ऊन असं होतं की नायरीच्या नाकाचं साल निघालं. रविवारी संध्याकाळी एका वादकाने इतका वेळ गिटार वाजवली की शेजारच्या कुरणातल्या मेंढ्या एका कोपऱ्यात गोळा होऊन उभ्या राहिल्या. तुम्हाला हसू आलं असतं.

थोडा अपघात झाला. जाळ चालू असताना एक दगड तडकला आणि कॉलिनच्या तोंडाला लागलं. तो इस्पितळात आहे. डॉक्टर काळजी घेताहेत.

पेताचा ट्रक या आठवड्यात इकडे नाही. दगड मागाहून पाठवतो.

रेवी


वाइमोआना
२ फेब्रुवारी

रेवी,

तुझ्या पत्राआधी वर्तमानपत्र आलं. त्यात "थोडा अपघात" नाही. त्यात असं आहे की एका तेवीस वर्षांच्या कामगाराच्या डाव्या डोळ्यात दगडाची कपची घुसली आणि त्याला गाडीत घालून नेईपर्यंत चाळीस मिनिटं गेली, कारण रस्ता मोटारींनी तुंबला होता. कॉलिनचं आडनाव त्यांनी चुकवलंय. बाकीचंही त्यांनी चुकवलेलं असावं अशी माझी इच्छा आहे.

मला तीन गोष्टी कळव. पहिला तास मंद आच दिलीस का? नीट आठवून लिही, खरोखर एक तास का? दुसरं, दगड कितीव्या तासाला तडकला? तिसरं, उरलेले किती?

ट्रकची वाट बघू नकोस. आगगाडीने पाठव, भाडं मी देईन. धुऊ नकोस.

मामी चार दिवस झाले माझ्याशी बोलताना खिडकीकडे बघते.

एरुएरा


ओटाहुहू
५ फेब्रुवारी

मामा,

दिली. एक तास. नायरीने घड्याळ धरलं होतं, तिला विचारा. तुम्ही लिहिलं होतं ते मी कॉलिनला मोठ्याने वाचून दाखवलं होतं आणि तसंच केलं. उलटतपासणी घेताय तर एक मीही विचारतो. हा मंद आचेचा तास तुम्ही आजवर कधीच सांगितला नव्हता. बारा वर्षांत एकदाही नाही. यंदाच का?

दगड दुसऱ्या तासाला उडाला. कॉलिन फावड्याने निखारा आत लोटत होता.

त्याची पट्टी १२ तारखेला काढणार. मी रोज सुटल्यावर जातो. तो बोलत नाही फारसं. त्याचा बाप तिथे खुर्चीत बसलेला असतो. तोही आमच्याच कारखान्यातला, मागच्या वर्षी निवृत्त झाला. काल त्याने मला विचारलं, "दगड कोणाचे होते?" मी म्हणालो, "आमचे."

आगगाडीने पाठवायला मला सुट्टी मिळत नाही.

रेवी


वाइमोआना
९ फेब्रुवारी

रेवी,

तू "आमचे" म्हणालास. "मामाचे" म्हणाला नाहीस. मला वाचवायला तसं म्हणालास हे मला कळलं. दगड पाठवत नाहीस तेही त्याचसाठी, हेही कळलं. किती फुटलेत ते मला बघायला लागू नये म्हणून. तुझे उपकार आहेत, पण ते मला नकोत.

मंद आचेचा तास यंदाच का, ते आता लिहितो.

जूनमध्ये माझी पाठ धरली. तुझ्या आईला मी कळवलं नव्हतं. त्याच आठवड्यात वाऱ्याने शेडचा एक पत्रा उडाला, नेमका दगडांच्या वरचा. सबंध हिवाळा त्यांच्यावर पाणी गळत होतं. मला ते स्वयंपाकघराच्या खिडकीतून रोज दिसायचं. कोणालाही हाक मारली असती तर पाच मिनिटांचं काम होतं. पण मग मला उचलत नाही हे सांगावं लागलं असतं. ऑक्टोबरात पाठ सुटल्यावर उन्हात टाकले आणि स्वतःला म्हटलं, तीन महिन्यांचं ऊन पुष्कळ झालं. गेल्या ईस्टरनंतर ते एकदाही आगीत गेले नव्हते. तू मागितलेस तेव्हा एवढं एक वाक्य लिहायचं होतं, की दगड भिजलेले आहेत. त्याऐवजी मी तुला एक तास मंद आच लिहिली आणि ओढ्यातल्या दगडांवर प्रवचन झोडलं.

आपल्याकडे ज्याच्या हातून दुसऱ्याच्या लेकराला इजा होते तो घरात बसून निरोप पाठवत नाही. आपली माणसं घेऊन दिवसाढवळ्या त्याच्या दारात जातो, समोर उभा राहून आपल्या तोंडाने सांगतो आणि ते मागतील ते देतो. मी स्ट्रँगना पत्र लिहून विचारलं. एका ओळीचं उत्तर आलं, "रविवार, १५, अकरा वाजता." मी, मामी आणि तुझी आई जाणार. तू आमच्या मागे बसायचंस. बोलायचं नाहीस.

मार्चमध्ये नव्या सभाघराचं उद्‌घाटन आहे, पाचशे पान. त्यांना मी दुसरा माणूस बघा म्हणून सांगितलं. यापुढे मी हांगी घालणार नाही.

एरुएरा


तार
ऑकलंड, ११ फेब्रुवारी

येऊ नका. तुमच्या दगडांचा दोष नाही. रेवी.


वाइमोआना
१२ फेब्रुवारी

रेवी,

तार मिळाली. पोस्टातल्या बाईने ती मला वाचून दाखवली आणि वर विचारलं, "सगळं ठीक ना?" मी म्हटलं, कळत नाही.

माझ्या दगडांचा दोष नाही, तर कोणाचा, हे तुझ्या तारेत नाही. माझी समजूत घालायला लिहिलं असशील तर ते पैसे फुकट गेले.

आम्ही शनिवारी संध्याकाळी तुझ्या आईकडे पापाकुराला पोचतो. दगड तिथे आणून ठेव, फुटलेले असतील तसे. मी डोळ्यांनी बघितल्याशिवाय त्या माणसासमोर तोंड उघडणार नाही.

एरुएरा


पापाकुरा
शनिवार, १४ फेब्रुवारी, दुपार

मामा,

हे पत्र आईकडे ठेवून जातोय. तुम्ही पोचाल तेव्हा मी इथे नसेन. तोंडाने सांगायला गेलो तर निम्म्यावर थांबेन, म्हणून लिहितोय.

पडवीत ताडपत्री आहे. तिच्याखाली तुमचे दगड आहेत. मोजा. अडतीस आहेत, सगळे अखंड. २६ जानेवारीपासून ते माझ्याकडे असेच होते. तुमचा एकही दगड फुटला नाही.

रविवारी सकाळी आम्ही साठ जणांचा खड्डा खणला. धूर वर गेला आणि लोक येऊ लागले. आधी शेजारच्या तंबूतलं एक कुटुंब, आपल्यातलंच, बरोबर दोन म्हाताऱ्या. त्यांना नाही कसं म्हणू? मग त्यांचे पाहुणे. मग वादकांचे हमाल. कोणीतरी रताळ्यांचं पोतं आणून टाकलं, कोणीतरी अख्खी मेंढी. दहापर्यंत दीडशेची रांग लागली आणि सगळे मला "मास्तर" म्हणायला लागले. चहा द्यायचं तुम्ही लिहिलं होतं. मामा, तिथे मी यजमान होतो. माझ्याने चहा देववला नाही. मी खड्डा दुप्पट केला.

दगड पुरेनात. पन्नास पावलांवर ओढा होता. मी बावीस दगड काढून आणले. राखाडी, गुळगुळीत.

कॉलिन म्हणाला, "रेवी, हे पाण्यातले आहेत. तुझ्या मामाच्या पत्रात काय होतं?"

मी म्हणालो, "उन्हात वाळतील."

"एका तासात?"

सगळे बघत होते. मी म्हणालो, "तू फावडं धर, गोऱ्या. दगड माझ्या रक्तात आहेत, तुझ्या नाहीत."

रांगेतले हसले. कॉलिनही हसला. त्याने फावडं उचललं.

मंद आच एक तास दिली हे खरं आहे. ती ओढ्याच्या दगडांना पुरली नाही. दुसऱ्या तासाला आवाज झाला. मंचावर ढोल चालू होते म्हणून लांबच्या लोकांना कळलंसुद्धा नाही. कॉलिन खाली बसला, दोन्ही हात तोंडावर. मी त्याच्याकडे धावलो नाही. आधी ओढ्याचे दगड फावड्याने बाजूला लोटले, आणखी उडतील म्हणून. नायरी त्याच्याकडे गेली. गाडी निघाल्यावर मी ते सगळे दगड आणि तुकडे ओढ्यात फेकून दिले. दुसरा कोणी बघेल म्हणून. मग तुमच्या अडतीस दगडांवर साठ जणांचं शिजवलं आणि वाढलं. मांस हाडावरून सुटत होतं हे मी तुम्हाला लिहिलं ते खोटं नव्हतं. मी स्वतः जेवलो.

पट्टी परवा निघाली. डाव्या डोळ्याला उजेड आणि अंधार एवढंच कळतं. डॉक्टर म्हणाले, यापुढे सुधारणार नाही. फिटरचं काम गेलं.

इस्पितळात बापाने त्याला माझ्यासमोर विचारलं होतं, "तुझ्या लक्षात आलं नाही का दगड कसले होते?" कॉलिन म्हणाला, "मला दगडांतलं काय कळतं, बाबा." आणि मी गप्प बसलो. त्यानंतर तुमचं ओल्या दगडांचं पत्र आलं. मामा, खरं सांगतो, ते वाचून आधी मला हायसं वाटलं. एक अख्खा दिवस वाटलं. मग तार केली. तारेतही धड लिहिलं नाही.

तुम्ही उद्या तिथे उभे राहून माझं स्वतःवर घेणार होतात. म्हणून मी आज सकाळी एकटा गेलो.

स्ट्रँग अंगणात कुंपण कातरत होते. म्हणाले, "उद्याचं ठरलं होतं."

"उद्या माझा मामा येतोय. त्याच्या दगडांनी झालं असं त्याला वाटतंय. ते मी आणलेल्या दगडांनी झालं."

त्यांनी कातरी खाली ठेवली नाही. मी सगळं सांगितलं, वर लिहिलंय तसं. शेवटी ते म्हणाले, "कॉलिनने तुला अडवलं होतं?"

"हो."

"काय म्हणाला? शब्द सांग."

मी सांगितले.

"आणि तू?"

तेही सांगितले. त्यांनी मला पुन्हा सांगायला लावलं. मी पुन्हा सांगितलं.

"लोक हसले?"

"हसले."

"कॉलिन?"

"तोही हसला."

त्यांनी कातरीच्या पात्यावरची पानं पुसली. मग म्हणाले, "चेष्टा झाली की तो हसतो आणि सांगतील ते करतो. पाच वर्षांचा होता तेव्हापासून. तुला ते माहीत होतं."

मला माहीत होतं, मामा.

"तुझ्या मामाला उद्या येऊ दे," ते म्हणाले. "त्याने रीतसर विचारलंय. तू मात्र या फाटकाच्या आत पुन्हा पाऊल टाकू नकोस."

मी वळलो तेव्हा स्वयंपाकघराच्या खिडकीत कॉलिन उभा होता. काळा चष्मा लावून. खिडकी उघडी होती, म्हणजे त्याने सगळं ऐकलं होतं. तो म्हणाला, "तीन आठवडे लावलेस, लेका."

बापाने "आत जा" म्हटलं. तो गेला नाही. तिथेच उभा राहिला. मी निघून आलो.

उद्याचं तुम्ही ठरवा. मार्चचं तुम्ही उगाच सोडलंत, ते परत घ्या. मी माझ्या खोलीवर आहे.

रेवी


पापाकुरा
रविवार, १५ फेब्रुवारी, सकाळी सात

रेवी,

हे तुझ्या आईच्या शेजाऱ्याच्या हाती पाठवतोय. तो तुझ्या बाजूलाच चर्चला जातोय.

दगड मोजले. अडतीस. एकेक हातात घेऊन वाजवून बघितले. मग पडवीतच बसून राहिलो, तुझ्या मामीने उठवेपर्यंत.

मी जाणार आहे. माझे दगड फुटले नाहीत हा माझा शहाणपणा नव्हता. ओले दगड न सांगता मी दुसऱ्याच्या हाती दिले आणि कॉलिन त्यांच्यापाशीही उभा होता. एवढं माझं आहे, ते मी बोलणार. तुझं मी बोलणार नाही. ते तू बोललास. मार्चचं नंतर बघू. आज ते काढायचं नाही.

दीडशे माणसांना परत पाठवता आलं नाही हे मला समजतं. मलाही आलं नसतं, आणि "एकसष्टाव्याला चहा" लिहिताना मला ते माहीत होतं. ओढ्यात तुकडे फेकलेस ते भीतीने, तेही समजतं. कॉलिनला सगळ्यांसमोर जे म्हणालास ते मला समजत नाही. आपलं काम आपल्या रक्तात नसतं. मला ते दुसऱ्यांची बोलणी खाऊन शिकावं लागलं. तुला मी बारा वर्षं नुसतं "बाजूला हो" म्हणत राहिलो, तर तुला ते कुठून कळणार, हेही काल रात्रभर डोक्यात होतं. पण त्याचा हिशेब तुझा आणि माझा. त्या घराशी त्याचा संबंध नाही.

त्यांनी तुला फाटकाच्या आत यायला मना केलंय. रस्ता सरकारी आहे. अकराला पाच कमी असताना फाटकासमोर उभा राहा, स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसशील असा. इस्त्रीचा सदरा घाल. कुंपणाला टेकायचं नाही, खिशात हात घालायचे नाहीत. आम्ही आत किती वेळ बसू ते मला माहीत नाही. ऊन होईल. टोपी घालू नकोस.

त्यांनी हाक मारली तर आत ये. कॉलिनने मारली तर येऊ नकोस, बापाने मारली तरच. नाही मारली, तर आम्ही बाहेर पडू तेव्हा आमच्याबरोबर चालत घरी ये, आणि पुढच्या रविवारी अकराला पाच कमी असताना परत तिथेच उभा राहा.

एरुएरा